काकवीचं पिंप आणि आत्यांची उतरण

कराडात आम्हा नवरा-बायकोचं काँक्रीट मिक्सर बनवायचं वर्कशॉप आहे. नव्या मिक्सरचा पहिला माल फेकायचा नाही, कुंडल गावच्या घरी वापरायचा, ही माझ्या सासूबाईंची शिस्त. मी त्यांना आत्या म्हणते. त्यांच्यामुळे धुण्याचा कट्टा, गोठ्याची जमीन, टाकीचा ओटा, सगळं आमच्या चाचण्यांचंच. कुठे खडी उघडी, कुठे नुसती वाळू. पाहुणे आले की मला लाज वाटते.

यंदा आत्या पडल्या, खुब्याचं ऑपरेशन झालं. वॉकर मिळाला, पण दाराच्या उंच पायऱ्या उतरणार कशा? समोर लिंबाखाली त्यांच्या मैत्रिणी रोज दुपारी बसायच्या. आत्या उंबऱ्याशी खुर्ची टाकून लांबूनच बघायच्या. बोलणं अर्धंमुर्धं ऐकू यायचं, तरी त्या सगळ्यांबरोबर हसायच्या. ते पाहून माझा जीव तुटायचा.

नवऱ्याने ड्रममधल्या पात्यांना नवं वळण दिलं होतं. तो मिक्सर गावी नेला, नारळ फोडला आणि पायऱ्यांवर वॉकरसाठी काँक्रीटची उतरण घातली. माल सुरेख निघाला. पण दुसऱ्या दिवशी बोट लावलं तर मऊ, त्याच्या पुढच्या दिवशीही मऊच. नवऱ्याचं तोंड एवढंसं झालं. पात्यांनीच घात केला म्हणून तो ती कापून काढायला निघाला.

मी चिडून आवराआवर करायला लागले. पाण्याचं पिंप हलवलं, तर बुडाशी मुंग्याच मुंग्या. पिंप चुलत दिरांच्या गुऱ्हाळातलं, काकवीचं. ते न धुताच नवऱ्याने त्यात माल कालवायचं पाणी भरलं होतं. गोड मिसळलं की सिमेंट लवकर घट्ट होत नाही, हे मिक्सर बनवणाऱ्याला मी सांगायचं! मला हसू आवरेना, तो मात्र रडायच्या बेतात होता.

"फोडतो सगळं, नवीन घालू," तो म्हणाला.

"ऱ्हाऊ दे रं," आत्या म्हणाल्या. "माजं हाड जुळायला कवा घाई केलीस तू? ह्येला बी येळ दे."

नवरा कराडला परतला, मी तिथेच राहिले. रोज सकाळी आत्या खुर्चीतून वाकून सासऱ्यांची जुनी काठी उतरणीवर टेकवायच्या. काठी रुतायची, खळगा राहायचा. "उद्या बघू," म्हणायच्या आणि चहा मागायच्या. मला तो धीर कुठून आणावा कळत नव्हतं.

एका सकाळी काठी वाजली. तरी मी त्यांना आणखी आठवडाभर बसवून ठेवलं, त्याबद्दल बोलणी खाल्ली.

उतरायच्या दुपारी नवरा कराडहून आला. त्याने आईचा दंड घट्ट धरला.

"सोड," त्या म्हणाल्या. "तू धरल्यावर तुज्या मशिनची परीक्षा कशी व्हायची?"

त्याने हात सोडला, पण तसाच पुढे धरून तो उभा राहिला. काठीच्या खळग्यांवरून वॉकर खडखडत खाली गेला. लिंबाखालच्या बायका बोलायच्या थांबल्या आणि सरकून बसल्या. मधे एका माणसापुरती जागा झाली.