पारोळ्याची बरी झालेली बाई

कोयनेलचा कडूपणा जिभेवर आला की मला पारोळ्यातली एक दुपार आठवते. मी धुळ्याला मुलींच्या शाळेत शिकत होते आणि दिवाळीच्या सुटीत पारोळ्याजवळच्या आमच्या गावी घरी आले होते. आई हिवतापाने पडून होती आणि डॉक्टरांचं कोयनेल, म्हणजे क्विनीन, तिला नकोसं झालं होतं. मी सोबत आणलेल्या वर्तमानपत्रात एका काढ्याबद्दल ठळक अक्षरांत छापलं होतं, की पारोळ्याची अमुक बाई एका बाटलीत हिवतापातून ठणठणीत बरी झाली. बाईचं नाव, आळी, सगळं दिलेलं. कोयनेल बंद करून हा काढाच मागवू, असा मी हट्ट धरला. "छापलंय, म्हणजे खरंच असणार," मी म्हणाले. वडिलांना आम्ही नाना म्हणायचो. ते म्हणाले, "पारोळं काय इलायत शे? चाल, इचारी लेऊत." त्यांनी गाडी जुंपली. ती बाई ओट्यावर शेंगा फोडत बसली होती, चांगली धडधाकट. "माले ताप कधी उनाच नही," ती हसत म्हणाली; म्हणजे तिला ताप कधी आलाच नव्हता. "औषधवाला आठे बसना, पानी पिधं, नाव लिखी लई गया. बाटली फुकट दी गया, ती म्हैसले पाजी दिधी." "मंग म्हैस कशी शे?" नानांनी विचारलं. "ती पहिलेबी बरीच व्हती." घरी येताच मी कोयनेल पाण्यात कालवलं आणि आईला नाक धरायला लावून पाजलं. आता मी वर्तमानपत्र रोज वाचते. बातमीतलं गाव जवळचं असेल तर विचारून येते. लांबचं असेल तर नुसतं वाचते, पण तेवढ्यावर घरातलं औषध बंद करत नाही.