बोटं हुंगणारे भूलवाले डॉक्टर

आमचे भूलवाले डॉक्टर पेशंटची नाडी नंतर बघायचे, आधी त्याची बोटं हुंगायचे. "काही खाल्लं का?" असं विचारायचे, पण उत्तरावर विसंबायचे नाहीत. म्हणायचे, "घाबरलेलं तोंड कायबी बोलतंय." मूळचे नायगावकडचे, शिकून डॉक्टर झाले तरी बोली तिकडचीच.

लातूर नुकतंच जिल्ह्याचं गाव झालं होतं. सरकारी पाट्या नव्या, नळ कोरडे. दवाखान्यात टँकर एक दिवसाआड यायचा. अशा मुहूर्तावर माझ्या छातीत पू झाला.

सर्जन उदगीरचे, तापट. बाहेर दोघांचं चहातल्या साखरेवरूनही वाजायचं. टेबलाशी मात्र भूलवाल्यांनी "घ्या" म्हटल्याशिवाय सर्जन चाकूला हात लावत नसत.

ऑपरेशनच्या सकाळी आत्यानं पदराआडून धपाटं काढलं. "लेकराची छाती फाडणारेत, उपाशी कसं पाठवू?" मी एकदा नको म्हणालो आणि दोन खाल्ली. टेबलावर विचारलं तेव्हा शूराच्या थाटात सांगितलं, "पाणीसुद्धा नाही." भूलवाल्यांनी माझा हात नाकाशी नेला.

"लसूण लई हाय. किती हाणलीस?"

"दोन."

सर्जन हात धुऊन तयार होते. दवाखान्यातली शेवटची बादली त्या हातांवर गेली होती.

"साहेब, आज न्हाई."

"पू वाढतोय त्याचा. आणि आजचा टँकर आलाच नाही, आता थेट परवा."

"भुलीत उलटी झाली तर चांगल्या फुप्फुसात उतरल. मग काय शिवताव?"

सर्जननी माझ्याकडे असं पाहिलं की मला तिथंच भूल चढावी. पण वाद वाढवला नाही. ओले हात तसेच धरून म्हणाले, "बरं. उद्या."

दिवसभर माझी धाप वाढत गेली. आत्या भिंतीकडे तोंड करून बसली. कोणी जेव म्हटलं तरी हलेना.

दुसऱ्या दिवशी पाणी आलं ते स्कूटरवरून. पुढे सर्जन, मागे मांडीवर घरची घागर धरून भूलवाले, आणि खड्ड्यात पाणी कुणामुळं सांडलं यावर दोघांचं भांडण. त्याच पाण्यानं हात धुतले गेले, आणि मी वाचलो.

पुढे भूलवाल्यांची नांदेडला बदली झाली. नंतर चुलत्यांना माझाच आजार झाला, तेव्हा त्यांना घेऊन मी सर्जनकडे गेलो. तपासून म्हणाले, "यांना नांदेडला न्या. ऑपरेशन करायला मी तिकडं येतो."

"इथंच करा की, साहेब."

"चाकू इथं आहे," ते म्हणाले, "पण मी ज्याचं ऐकतो तो माणूस तिकडं आहे."