गड्याचं औषध

माझ्या लंकाआत्याला लग्नानंतर पाचव्या वर्षी सासरच्यांनी वांझ म्हणून बडवून हाकलून दिलं. त्या दिवसापासून तिचा डावा कान कायमचा गेला. पुढे तिच्या नवऱ्याला दुसऱ्या बायकोपासूनही मूल झालं नाही, पण चुकलो म्हणायला कोणी आलं नाही. आंबेगावच्या पश्चिम डोंगरातल्या आमच्या वाडीत ती राहिली, आजोबांकडून झाडपाला शिकली. मूल होत नसलं तर ती औषध द्यायची ते फक्त गड्याला, म्हणजे नवऱ्याला.

हिवाळ्यात खाजकुयलीच्या शेंगा काढायची. त्यांच्या लवेने अंगाची नुसती आग व्हायची. बिया दुधात उकडून, सोलून, वाळवून खलबत्त्यात कुटायची. "मूल व्हईलच असं म्या म्हनत नाय," ती सांगायची, "पर दोस एकट्या बाईचा नसतो."

१९९८ साली डिंगोरे गावची बयाबाई आपल्या लेकासाठी, चांगदेवसाठी सहा महिन्यांचं चूर्ण घेऊन गेली. सहा महिने सरले तसा चांगदेवच जीप करून आला. बरोबर आई आणि बायको सोनल. "म्हातारे, फसवलंस! आता दुसरं लगीन करतो," म्हणत त्याने चुलीवरचं दुधाचं पातेलं लाथेनं उडवलं.

आत्या जागची हलली नाही. "चूर्ण कुनी खाल्लं?"

"सूनबाईनं," बयाबाई म्हणाली. "माझ्या पोराला काय धाड भरलीया?"

माझं डोकंच फिरलं. गड्याचं औषध सहा महिने बाईला चारलं होतं!

"न्हाई म्हनलं की हे पट्ट्यानं मारायचे," सोनल म्हणाली.

चांगदेवने तिचे केस धरून डोकं खांबावर आपटलं. पुन्हा आपटणार तोच आत्याने त्याच्या मनगटावर बत्ता घातला. हाड मोडल्याचा आवाज मला अंगणात ऐकू आला. तो खाली बसून भोकाड पसरून रडला. मला दया आली नाही. अजूनही येत नाही.

आत्याने आधी सोनलच्या कपाळाचं रक्त थांबवलं, मग त्याचं मनगट बांबूच्या कामट्यांत बांधलं. उरल्यासुरल्या दुधात चूर्ण कालवून वाटी त्याच्यापुढे धरली. "आईसमोर पी."

तो डाव्या हाताने प्याला. बयाबाईने तोंड फिरवलं.

"चल," तो सोनलला म्हणाला.

"तिला इचार," आत्या म्हणाली. "मला कुनी इचारलं नव्हतं."

सोनल "न्हाई" म्हणाली. आत्याला ऐकू गेलं नसेल म्हणून पुन्हा, मोठ्याने म्हणाली.