मिरचीच्या हातांनी लावलेला स्नो

माझी नात पंधरा वर्षांची. सुट्टीच्या दिवशी मिरची वाळवायच्या पथारीवर माझ्याशेजारी बसून हिवाळाभर तिने देठ खुडले. त्या मजुरीचे पैसे सायकलीसाठी. अकरावीचं कॉलेज दूर, एसटीचा भरवसा नाही, आणि सायकल नसेल तर अकरावी नाही, असं तिच्या बापाने, म्हणजे माझ्याच मुलाने, सांगून टाकलेलं.

चार दिवसांपूर्वी ती फोन घेऊन आली. त्यात एक पोरगी गालांना काहीतरी चोपडत होती.

"आजी, देख ना. सात दिनमा गोरं व्हतस. आजना दिन अर्धा भाव शे."

अर्ध्या भावातही निम्मी सायकल जात होती.

मला हसू आलं. तिच्या वयात मीही असलीच शहाणी होते. चपलांसाठी ठेवलेले पैसे घेऊन आठवडी बाजारातून गोरं करणाऱ्या स्नोची डबी आणली, डबीवरच्या बाईचं तोंड बघून. हात दिवसभर देठ खुडलेले, पण धुवायला धीर कुणाला? दोन बोटं स्नो घेतला आणि गालांवर चोळला. मग जी बोंबलत सुटले! आई तोंडावर ताक थापतेय आणि मी विचारतेय, "माय, गोरी दिसस का मी?" तोंड लालभडक, आणि तो अख्खा उन्हाळा अनवाणी.

मी सोंगासकट सांगितलं. नात पोट धरून हसली. मला वाटलं, जिंकले.

मग तिने फोन उलटा ठेवला. "आजी, तुले डबीवरली बाईनी फसाडं. माले तर लहानपनपाईन तूच 'काळी' म्हनस."

लाडाने म्हणायचे मी. पाहुण्यांसमोरसुद्धा, "मन्ही काळी, ये जेवाले." फोनमधल्या पोरीला नवीन काही सांगावंच लागलं नाही. निम्मं काम मी आधीच करून ठेवलं होतं.

"आठ दिन थांब," मी म्हणाले. "मंग तुन्हा मनमा जे शे ते कर."

"नि तू माले काय म्हनशी?"

"तुन्हं नाव."

आज पाचवा दिवस. फोनवर रोज नव्याने 'शेवटचा दिवस' येतो. ती बघते, मला दाखवत नाही. सकाळी पथारीवर तिला हाक मारायला गेले आणि तोंडातून जुनाच शब्द निघाला. तिने मान वर केली नाही. देठ खुडत राहिली.

घरी आल्यावर मी आधी तिचा पैशांचा डबा उघडून पाहिला. पैसे होते. अजून तीन दिवस.