शिर्के मॅडम आणि सोनेरी जातं

अन्याय झाला तो शिर्के मॅडमवर. गेल्या अक्षय्य तृतीयेच्या आदल्या दिवशी, दुपारची जेवणं उरकल्यावर, तासगावजवळ त्यांच्या व्याह्यांच्या अंगणात. हत्यार होतं सोनेरी ऑइलपेंट. आणि करणारे सगळे मॅडमवर जीव टाकणारे, म्हणून तर मला निषेधाचं पत्रक काढता आलं नाही. एरवी मी त्याला वेळ लावत नाही.

मॅडम साताऱ्यात भूगर्भशास्त्र शिकवायच्या. निवृत्तीनंतर त्यांनी एकच काम धरलं: दळायची प्राचीन जाती कुठल्या डोंगरातून निघाली आणि विकली जात कुठवर पोचली, हे शोधायचं. कुणाच्याही घरी गेल्या की चप्पल काढता काढता पहिला प्रश्न, "जातं कुठाय?" तब्येतीची चौकशी नंतर. जातं दिसलं की पदर खोचून गुडघ्यांवर बसायच्या आणि दगडाला सरळ जीभ लावायच्या. "ओला केल्याशिवाय दगडातलं काही दिसत नाही," म्हणायच्या. शेजारी पाण्याचा तांब्या असला तरी जीभच. "तांब्या मागितला की लोक चहा आणतात, आणि जातं राहतं बाजूला."

आमची ओळख रहिमतपूरच्या वरच्या अंगाला एका टेकडीवर झाली. ती फोडून खडी करायचा घाट घातला होता आणि मी विरोधाची पत्रकं वाटत होतो. मॅडमनी माझं पत्रक उभ्या उभ्या वाचलं.

"धिक्कार चार वेळा, आणि दगडाबद्दल एक ओळ नाही?"

मग दंडाला धरून कातळावर नेलं. परातीएवढे गोल खाचे होते तिथं. एक जातं तर अर्धवट कोरलेलं, अजून कातळाला चिकटून. "लाव्हा थंड होताना त्यात बुडबुडे अडकले, ही भोकं त्यांची," त्या म्हणाल्या. "काहींत पुढे हिरवी कड धरली, आत पांढरा दाणा. या दगडाचं जातं झिजलं तरी गुळगुळीत होत नाही, नवी भोकं उघडत जातात. म्हणून लोक लांबून न्यायला येत असणार. पण नेलेलं एक तरी सापडायला हवं."

ते सापडलं, तर ही टेकडी म्हणजे जात्यांची जुनी खाण हे दाखवता येणार होतं. नाहीतर ती नुसती खडी.

सापडलं ते मॅडमच्या भाच्याच्या लग्नात. लग्न मुलीच्या दारात होतं, हळदही तिथंच. त्यांचं जातं विहीर खणताना वर आलेलं, कुणाच्या काळचं ते कुणालाच ठाऊक नाही. त्याला आंब्याची पानं बांधली, सुवासिनी दळायला बसणार, तेवढ्यात नवऱ्याची आत्या वाकली आणि जात्याला जीभ लावून मोकळी झाली. मुलीची चुलती तारक्का शेजारणीला हळूच म्हणाली, "साताऱ्याकडची रीत असंल."

"आवं, पण जिभंनं?"

"मोठ्या घरचं असतंया काय काय. व्हा म्होरं."

पाचही सुवासिनींनी ओळीनं जीभ लावली. मॅडमचा डोळा भिंगाला होता, त्यांना पत्ता नाही. मला फोनवर म्हणाल्या, "तीच हिरवी कड, तोच पांढरा दाणा. आणि इथल्या बायकांना भूगर्भशास्त्राची फार आवड आहे रे. सगळ्यांनी दगड तपासला."

आता त्या गावात जीभ लावल्याशिवाय हळद दळत नाहीत.

मी अर्ज करकरून पुरातत्त्व खात्याच्या संबंधित साहेबांना जातं बघायला यायला लावलं. मॅडमनी तारक्काला निरोप दिला, "मोठे साहेब येणार आहेत, जातं जरा नीट ठेवा." तारक्कानं नीट ठेवलं. खाली सिमेंटचा चौथरा, जात्यावर सोनेरी ऑइलपेंटचे दोन हात मारलेले, मधोमध लाल कमळ.

साहेबांनी चौथऱ्याला एक फेरी मारली. "दगड कुठं आहे?"

"सायेब, आदी जीब लावा," तारक्का म्हणाली. "आमच्यात तशी रीत हाय."

एवढ्या बायाबापड्यांसमोर साहेबांना नाही म्हणवेना. रंग वाळला नव्हता. तोंडाला रुमाल लावून ते गाडीत बसले, आणि पुरावा दिसला नाही एवढं बोलून गेले.

मी रंग खरवडायला निघालो. तारक्का आडवी आली. "आता देव हाय त्यो. देवाला खरवडतोस व्हय रं?"

परतीच्या एसटीत मॅडम डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. "नीट ठेवा म्हणाले, ठेवलं त्यांनी. चिडतोस कशाला? व्यापार एका जात्याचा नसतो. दुसरं असणारच."

दुसरं सापडायच्या आत, दिवाळीच्या तोंडावर त्या गेल्या. दहाव्याला तारक्का आली. दारात चप्पल काढता काढता तिनं विचारलं, "मॅडमचं जातं कुठाय?" स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात होतं. ती गुडघ्यांवर बसली, जीभ लावली आणि पदरानं डोळे पुसले.

टेकडी अजून उभी आहे. खाली क्रशरही येऊन उभा आहे. तेव्हा कृष्णाकाठच्या लोकांनो, वाईपासून सांगलीपर्यंतच्या, हे पत्रक चुरगाळायच्या आधी अडगळीतलं जातं बाहेर काढा. उलटं करा. जीभ लावा, लाजू नका. हिरव्या कडेत पांढरा दाणा दिसला तर आज कळवा. आणि आम्ही पोचेपर्यंत, कृपा करून, ते नीट ठेवू नका.