जाड तार

“पोचली का? मग वाजवून दाखवा.”

फोनवर शेजारच्या काकांचं बोलणं बहुतेक याच वाक्यानं सुरू व्हायचं. पार्सल मिळाल्याचा मेसेज मोबाइलवर आलेला असला तरी त्यावर त्यांचा विश्वास नसे. घेणाऱ्यानं खोकं उघडावं, तारा सुरात लावाव्यात आणि सगळ्यात जाड तार एकदा फोनवर ऐकवावी, असा त्यांचा नियम होता. ती ऐकली की डोळे मिटून मान हलवत ते म्हणायचे, “हां. आता पोचली.”

ते जुन्या बेस गिटारी घेत आणि विकत. विश्रामबागेत आमच्या कुंपणाला लागूनच त्यांचं घर. लोक ज्या गॅरेजमध्ये मोटार ठेवतात, तिथं त्यांच्या गिटारी भिंतीला टेकून उभ्या असायच्या. सोबत अँप्लिफायर, वायरींची वेटोळी आणि कुणाकुणाची झिजलेली पायपेटी. मिरज जवळ असल्यामुळे नवा माणूस हटकून विचारायचा, “सतारी करता का?” ते शांतपणे सांगायचे, “सतारीला मिरजेत जा. आपल्याकडं फक्त खालचा सूर मिळतो.”

हा खालचा सूर म्हणजे काय, ते मलाही पुष्कळ उशिरा कळलं. तुम्ही कधी ऑर्केस्ट्रा पाहिला असेल, तर आठवून बघा. आपण गाणाऱ्याकडे बघतो, फार तर ढोलकीवाल्याकडे. मागे एक माणूस लांब मानेची गिटार घेऊन जवळजवळ न हलता उभा असतो. तो काय वाजवतो ते वेगळं असं कानावर येत नाही. पण तो थांबला, तर गाणं एकदम पोकळ वाटायला लागतं. तरुणपणी ते हाच मागचा माणूस होते. जत्रांतून, गणपतीतून त्यांची पार्टी गावोगाव हिंडली. त्या पार्टीचा एकच फोटो त्यांच्याकडे होता आणि त्यात त्यांचं फक्त कोपर आलं होतं. आल्यागेल्याला तो फोटो दाखवताना ते त्या कोपरावर बोट ठेवून म्हणत, “हा मी.”

पुढे पार्ट्या बंद पडल्या. कीबोर्डवरच खालचा सूर निघू लागला, आणि वाजवणाऱ्यांनी आपली वाद्यं माळ्यावर टाकली. हे स्कूटरवरून जाऊन ती खाली उतरवून आणत. धूळ पुसत, गंजलेल्या तारा बदलत, खरखरणारी बटणं साफ करत. मग ती गिटार कुठं पुण्याला, कुठं गोव्याला, कधी पार शिलाँगला निघायची. एखादी तयार झाली की ते अँप्लिफायर लावून ती तपासत, आणि आमच्या स्वयंपाकघरातल्या मांडणीवरच्या ताटल्या बारीक थरथरायच्या. आज शेजारी काहीतरी जमलं आहे, हे मला ताटल्यांवरून कळायचं.

मी तेव्हा कॉलेजच्या ग्रंथालयात होते. आमची ओळख रद्दीमुळे झाली. त्यांना पॅकिंगसाठी जुनी वर्तमानपत्रं हवी असत. खोकी कुपवाडच्या एका कारखान्यातून मिळत, पण आतला कागद त्यांना पारखून लागे. “मराठी पेपर द्या बाई. इंग्रजी पेपर आत चुरचुरतो,” असं त्यांचं मत होतं. अडचण एकच होती. गुंडाळण्याआधी ते प्रत्येक पान वाचत. एकदा कुणाच्या तरी पार्सलला उशीर झाला आणि तिकडून चौकशी आली, तेव्हा काकूंनीच फोन घेऊन सांगितलं की अग्रलेख चाललाय, उद्या निघेल.

काकू म्हणजे त्यांची पत्नी. या धंद्याबद्दल त्या दोनच गोष्टी बोलत. घरात माणसाला बसायला जागा नाही आणि यांच्या गिटारी मात्र ऐसपैस, ही पहिली. आणि माझ्या साड्या कुठं जातात, ही दुसरी. साड्या पार्सलमध्ये जात. गिटारीची मान मोडली की सगळंच गेलं, म्हणून मानेभोवती धुऊन मऊ झालेलं सुती लुगडं गुंडाळायचं, ही काकांची पद्धत. काकूंच्या अर्ध्या कपाटानं असा भारतभर प्रवास केला होता. तारा मात्र ते आधीच सैल करून ठेवत. “प्रवासात अंगावर ताण नको,” असं गिटारीलाच सांगितल्यासारखं म्हणत.

एकदा एका नवख्या गिऱ्हाइकाचा चिडून फोन आला. दोन तारा गहाळ आहेत, चारच निघाल्या. यांनी सगळी तक्रार ऐकून घेतली आणि म्हणाले, “चारच असतात हो. कमी बोलणाऱ्याचं वाद्य आहे ते.”

मी एकदा त्यांना विचारलं होतं की इतका खालचा सूर फोनमधून तरी येतो का. मीही कान लावून पाहिलं होतं. बोट तारेवर पडल्याची एक बारीक टिचकी तेवढी येई, बाकी काही नाही. ते हसले. “सूर तिकडं लागला की झालं. आपल्याला टिचकी पुरे.”

या सगळ्या गिटारींत एक विकायची नव्हती. गडद तपकिरी, अंगठा टेकायच्या जागी रंग उडालेली. ऑर्केस्ट्रात वाजवलेली त्यांची स्वतःची. पण नंतर त्यांच्या डाव्या हाताची बोटं आखडू लागली, तार दाबली जाईना. काही महिने ती तशीच उभी राहिली आणि एक दिवस ते मला म्हणाले, “हिला घर बघायला पाहिजे.” मुलीसाठी स्थळ शोधावं तसं ते शोधू लागले, आणि तितकेच चिकित्सकही झाले.

साताऱ्याजवळ हायवेला हॉटेल असलेले एक गृहस्थ आले. चांगली किंमत देत होते. कोण वाजवणार, असं यांनी विचारल्यावर ते म्हणाले, वाजवायला नाही, भिंतीवर लावायची आहे, मागून लाइट सोडणार. यांनी त्यांना चहा पाजला, निरोप दिला आणि फाटकापर्यंत जाऊन सांगितलं, “भिंतीला खुंटी मारा. टोपी अडकवायला होईल.”

मग औंधकडच्या एका खेड्यातून फोन आला. फौजेतून निवृत्त झालेले हवालदार. पलटणीच्या बँडमध्ये बेस वाजवलेला, आता गावी ऊस करत होते. कशात वाजवणार, असं विचारल्यावर ते म्हणाले, “भजनात, काका.”

“भजनात?”

“व्हय. पेटी हाय, पखवाज हाय, टाळ तर लय झालं. पर खाली कायच न्हाई.”

हे ऐकून त्यांचा चेहरा कसा उजळला ते मी समोरच बसून पाहिलं. तरी परीक्षा घेतलीच. भजनाची चाल धरून खालचा सूर तोंडानं म्हणून दाखवा, म्हणाले. पलीकडून जरा खाकरल्याचा आवाज आला आणि मग उसाच्या बांधावरून एक भरदार धूम, धूम सुरू झालं. हे डाव्या हाताची आखडलेली बोटं मांडीवर हलवत ऐकत राहिले. पुढचे कितीतरी दिवस ते मध्येच थांबून स्वतःशी म्हणत, “खाली कायच न्हाई. काय बोलला माणूस.”

हवालदारांची आई अंथरुणाला खिळलेली, त्यामुळे त्यांना येता येत नव्हतं. गिटार पाठवायची ठरली. त्या पार्सलला त्यांनी कुणाचा हात लागू दिला नाही. मानेला काकूंचं जांभळं लुगडं गुंडाळलं. ते अजून नेसण्यातलं होतं. काकू दारात उभ्या राहून बघत होत्या.

पार्सल गेलं आणि त्याच आठवड्यात त्यांची छाती दुखू लागली. दवाखान्यात ठेवावं लागलं. तिकडे खेड्याचा पत्ता, म्हणून खोकं साताऱ्याच्या गोदामात पडून राहिलेलं. मी भेटायला गेले की तब्येतीचं काही बोलायच्या आत ते विचारत, “फोन आला?” मी नाही म्हणायची. ते छताकडे बघत राहायचे. कुणी गिटारीच्या मानेवर जड खोकं ठेवलं असेल, या काळजीनं त्यांना झोप लागत नव्हती.

शेवटी काकूंना ते बघवेना. माझ्यादेखतच त्या म्हणाल्या, “आला बरं का फोन. पोचली तुमची गिटार.”

“वाजवली?”

“वाजवली की.”

“कुठली तार?”

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. मी बोटांनी ‘जाड’ अशी खूण करायच्या आत त्या बोलून गेल्या.

“खालची,” काकू म्हणाल्या.

ते इतके हसले की नर्स डोकावून गेली. “अगं, खालच्या सुराची तार वर असते. सगळ्यात वर, सगळ्यात जाड. इतकी वर्षं घरात काय केलंस?”

“तुमचं सगळं उलटंच,” असं म्हणून काकूंनी त्यांचं पांघरूण सारखं केलं.

फोन यायच्या आधीच ते गेले.

दिवसकार्य व्हायचं होतं. पाहुणे पांगले होते आणि मी काकूंजवळ बसले होते. काकांचा मोबाइल टेबलावर वाजला. मी उचलला. पलीकडून तोच भरदार आवाज आला. “काका, पोचली बघा. आताच खोकं फोडलं. मान एकदम शाबूत हाय. तारा बी लावल्या. वाजवू न्हवं?”

काकूंनी हात पुढे केला आणि फोन घेतला.

“मी त्यांची मंडळी बोलतेय. ते गेले. तुमच्या फोनचीच वाट बघत होते.”

मग हवालदार हळूच म्हणाले, “आवं काकू, मग आता ठिवू का?”

“ठेवू नका,” काकू म्हणाल्या. “वाजवा. वरची, जाड तार.”

त्यांनी स्पीकर सुरू करून फोन टेबलावर ठेवला. एक टिचकी आली. काकूंनी डोळे मिटले होते. “हां,” त्या म्हणाल्या, “पोचली.”

आता फोन बंद होईल असं मला वाटलं. पण जराशानं दुसरी टिचकी आली, मग तिसरी, मग एका संथ लयीत येतच राहिल्या. सूर त्यातला एकही ऐकू येत नव्हता. तिकडे औंधच्या बाजूला कुठल्यातरी घरातल्या ताटल्या थरथरत असतील, असं मनात आलं. काकू पदरात हात घेऊन बसून होत्या. त्यांनी फोन बंद केला नाही.