आर्लीनच्या बाजूने येणारे आवाज

आधीच सांगते, मी या ग्रुपवर यायची ती निव्वळ टाइमपास म्हणून. चकवा, हडळ, वळणावरची बाई... चहा पिता पिता वाचायचं, मनातल्या मनात हसायचं आणि भांडी लावायला उठायचं. अशा गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नव्हता. तरी आज लिहायला बसलेय. पटलं तर वाचा, नाहीतर माझ्यासारखं हसून सोडून द्या.

आम्ही मिनेसोटात, ईडन प्रेरीला राहतो. मी, नवरा अमेय आणि माझे बाबा. आई गेल्यावर बाबांना नागपूरहून कायमचं इकडे आणलं. मी आयटीतली नोकरी सोडून घरूनच पूजेचं सामान आणि फराळाचे डबे ऑनलाइन विकते. गणपतीच्या आधी तर "माझा मोदकाचा साचा कुठवर आला?" या एकाच प्रश्नाला उत्तरं देऊन जीव मेटाकुटीला यायचा. एक मैत्रीण म्हणाली, "फिलिपिन्सची व्हर्च्युअल असिस्टंट ठेव ना यार. त्यांचे मोठे ग्रुप्स आहेत, पोस्ट टाक."

टाकली. आणि कमेंट्सचा पूर आला - इंटरेस्टेड मॅम, मेसेज पाठवलाय मॅम, प्लीज चेक मॅम. त्या ग्रुपवरच्या जाणत्या लोकांची एक युक्ती असते. पोस्टच्या अगदी शेवटी एक विचित्र शब्द लिहायचा आणि अर्जाच्या सुरुवातीला तो मागायचा, म्हणजे कोणी पोस्ट खरंच वाचली ते कळतं. मी शब्द ठेवला 'मोदक'. तो लिहून पाठवणारी एकटी आर्लीन निघाली. वर तिने विचारलं होतं, "हे खायचं असतं का मॅम? आमच्याकडे तांदूळ-नारळाचं असंच काहीतरी माझी आई करायची."

मी तिथल्या तिथे तिला घेतलं. मॅम म्हणू नकोस म्हटलं, तर म्हणाली, "ओके मॅम."

ती फिलिपिन्समधल्या बाकोलोडची. आमची दुपार म्हणजे तिची पहाट, तीही दुसऱ्या दिवसाची. "तू तर उद्यात राहतेस," असं मी तिला चिडवायची. कामाच्या वेळात आम्ही कॉल चालूच ठेवायचो. तासन् तास बोलणं नसलं तरी कोणीतरी सोबत आहे असं वाटायचं. तिच्याकडचा पंखा ऐकू यायचा. लांबवर कुठेतरी कोंबडा.

मग एका दुपारी हेडफोनमध्ये बाबांचा आवाज आला. "मनू, दारावर कोणी आलं पाहा."

मी उठून दार उघडलं. कोणी नव्हतं. बाबा त्यांच्या खोलीत चक्क घोरत होते. आर्लीनला विचारलं तर म्हणाली, इकडे सगळं शांत आहे मॅम. दुसऱ्या दिवशी त्याच सुमारास बेल वाजली आणि बाबा हॉलमधून म्हणाले, "मनू, दारावर कोणी आलं पाहा." तोच सूर, 'पाहा'च्या आधी तोच खोकला.

अमेयला सांगितलं. तो म्हणाला, "ऑडिओ लूप असेल. नाहीतर तुझी झोप कमी पडतेय." नंतर हेडफोनमध्ये पातेलं पडल्याचा दणका आणि पाठोपाठ अमेयची एक अस्सल पुणेरी शिवी ऐकू आली, तेव्हा मी त्याला काहीच बोलले नाही. दुसऱ्या दिवशी त्याच्या हातून खिरीचं पातेलं सुटलं. शिवी तीच. मी ओट्याला धरून उभी राहिले.

आणि मग तो बुधवार. गुरुवारी मला सामान आणायला शिकागोला जायचं होतं, मुक्कामी. आर्लीन ऑर्डर्स वाचून दाखवत होती आणि तिच्या आवाजाखालून मला माझाच आवाज आला. मी किंचाळत होते. "बाबा! बाबा, डोळे उघडा! अमेय, फोन कर, अँब्युलन्स बोलाव!"

मी हेडफोन काढून फेकला. शिकागो कॅन्सल केलं. अमेयच्या अक्षरशः पाया पडून त्याला घरून काम करायला लावलं. तो वैतागला, पण थांबला. गुरुवारी सकाळपासून मी बाबांची पाठ सोडली नाही. ते खेकसले, "काय माझ्या मागे मागे फिरून राहिली गं तू? मी काय चोर आहे?"

दुपारच्या चहाला पोहे खाता खाताच ते खुर्चीतून कलंडले.

पुढचं सगळं मी ऐकलं होतं तसंच झालं. शब्द न् शब्द. सीपीआर मी कधीतरी लायब्ररीतल्या वर्गात शिकले होते, ते हातांना आठवलं. अँब्युलन्स आली. हॉस्पिटलमध्ये डॉक्टर म्हणाले, घरात कोणी नसतं तर ते वाचले नसते. मी घरी थांबले म्हणून किंचाळले, की किंचाळताना ऐकलं म्हणून घरी थांबले... विचार केला की डोकं गरगरतं.

बाबा घरी आले, पथ्याच्या भाजीला नावं ठेवू लागले. आता मी त्या कॉलचे आभार मानायला हवे होते ना? पण मी तर कान लावून बसू लागले. काम राहिलं बाजूला. एके दिवशी तिकडून आमच्या घरातलं सगळं ऐकू आलं - कुकर, मिक्सर, अमेयच्या मीटिंगा - फक्त बाबा नाहीत. खोकलासुद्धा नाही. दुसऱ्या दिवशी दिवसभर मी त्यांना खुर्चीतून उठू दिलं नाही. सकाळीच कोपऱ्यापर्यंत फिरून येतो म्हणाले, नाही म्हटलं. शेवटी त्यांनी रागाने बोलणंच टाकलं आणि संध्याकाळपर्यंत तोंडातून शब्द काढला नाही. म्हणून आवाज नव्हता! झालं काहीच नव्हतं. माझा बाप दिवसभर माझ्यासमोर धडधाकट बसला होता आणि मी त्याच्याशी एकही बरा शब्द बोलले नव्हते. त्या रात्री मी खूप रडले.

दुसऱ्या दिवशी आर्लीनला सगळं सांगून टाकलं. म्हटलं, यापुढे कॉल बंद, फक्त मेसेज. तुझी नोकरी कुठे जात नाही.

ती रडायलाच लागली. "प्लीज मॅम, कॉल बंद नका करू. मला वाटलं तुम्हाला माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"तुमच्याकडून मला माझी आई ऐकू येते."

आर्लीनची आई तिच्या लग्नाआधीच गेलेली. पण आमच्या कॉलवर ती असायची. कोंबड्यांना दाणे टाकायची, भात शिजवायची, "आर्लीन, केस ओले ठेवून झोपू नकोस" म्हणून रागवायची. आर्लीनला आठवत होते ते सगळे दिवस, जसेच्या तसे. मला वेड लागलंय समजून तुम्ही काढून टाकाल, म्हणून बोलले नाही, म्हणाली. आता लक्षात आलं, इतक्या महिन्यांत या मुलीने एकही सुट्टी का घेतली नव्हती.

म्हणजे तिच्याकडून मला उद्याचा दिवस ऐकू येत होता आणि माझ्याकडून तिला गेलेले दिवस. असं का, ते मला माहीत नाही. अमेयने राउटर बदलला, लॅपटॉप बदलला, काही फरक नाही. आमच्याच दोघींना का, तेही माहीत नाही. कोणाला काही स्पष्टीकरण सुचत असेल तर जरूर सांगा, मी थकले.

कॉल मी बंद केला नाही. मला ऐकू येणारा आवाज मात्र पूर्ण बंद ठेवते. माइक चालू, तिला तिची आई ऐकू यावी म्हणून. आमचं बोलणं सगळं टाइप करून. बाबांना विचारते, फिरायला येता का, आणि आम्ही तळ्याकडे जातो. हात कधीकधी व्हॉल्यूमकडे जातो. खोटं कशाला बोलू, रोज जातो. मागे घेते.

काल दुपारी जेवणं आटोपली होती, गॅस बंद होता, बाबा आणि मी बूट घालत होतो. स्क्रीनवर आर्लीनचा मेसेज आला, "मॅम, दोन मिनिटं किचनमध्ये कोणी बोलू नका हं. आई गातेय."

किचन रिकामं होतं. मी लॅपटॉप ओट्याच्या अजून थोडा जवळ सरकवला, बाबांना बोटाने गप्प राहायची खूण केली, आणि आम्ही दोघं दार न वाजवता बाहेर पडलो.